सात नंबरचा बिल्ला

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई त्या दुपारी परवाना कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत बारा नावांची यादी होती. ती जुळवता जुळवता त्यांच्या नाकी नऊ आले होते. वाचक मंडळाची सहल काय असते, ते जो काढतो त्यालाच कळतं. एकाला ऊन सोसत नाही, दुसरीला होडी लागते, तिसऱ्याला बेटावर टेकायला पाठीची खुर्ची हवी. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, पण बोलणी महिनाभर चालली होती.

बेट पक्ष्यांसाठी राखीव होतं. दिवसाला बाराच माणसं, दहाला जायचं, साडेचारला निघायचं. यादीतलं बारावं नाव मंडळातल्या मास्तरांच्या बायकोचं होतं. ते बाईंनी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं.

कारकुनानं यादी वाचली आणि शेवटच्या नावावर पेन टेकवलं. अकराच मिळतील, म्हणाला. बारांचा नियम आहे, असं बाईंनी सांगून पाहिलं. त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"बाई, बारा पाठवले की संध्याकाळी बिल्ले तेरा भरतात."

बेटावरच्या रक्षकाच्या खोलीत एक फळी होती, तिच्यावर बारा खिळे. उतरताना प्रत्येकानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला घ्यायचा, निघताना परत लावायचा. सगळे खिळे भरल्याशिवाय होडी सुटत नसे. बाईंना हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"सातच्या खिळ्यावर रोज एक जुना बिल्ला येतो," कारकून म्हणाला. "काढून इथं आणून ठेवतो आम्ही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तीन वर्षं झाली. शेवटी साहेबांनी नवा सात नंबर काढूनच टाकला. अकरा पाठवा म्हणाले, म्हणजे बारा भरतात. वहीत खाडाखोड नको."

त्यानं खण उघडला. कालचा बिल्ला आत होता. त्याच्याखालचे कागद भिजून काळे पडले होते आणि चिखलाचा, कुजलेल्या शेवाळाचा वास खोलीभर पसरला. पितळेवरचा सातचा आकडा गुळगुळीत झाला होता, कुणीतरी तासन्‌तास त्यावरून अंगठा फिरवल्यासारखा. बाईंनी हात पुढे केला नाही. संध्याकाळी होडी आली की काही जमतं का बघतो, फोन करतो, असं कारकून म्हणाला तेव्हा त्या बाहेर पडल्या.

तीन वर्षांपूर्वी सहल त्यांनीच नेली होती. मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, दर वेळी मागे राहायचे. पक्षी दिसला की वही काढायची, आणि मग हाका मारून घसा बसला तरी हालायचे नाहीत. त्या दिवशी ओहोटी लागली होती, नावाडी कुरकुरत होता, रक्षकही खोलीचं कुलूप बाईंच्या हाती देऊन होडीत जाऊन बसला होता. सातचा खिळा तेवढा रिकामा होता. मास्तर बिल्ला खिशात घालून होडीत बसलेही असतील, विसराळूच माणूस, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. रक्षकाच्या खणातला सात नंबरचा जादा बिल्ला खिळ्यावर अडकवला, कुलूप लावलं आणि सगळे आले म्हणून ओरडल्या.

होडीत त्यांनी माणसं मोजली नाहीत. धक्क्यावर उतरल्यावर एक माणूस कमी भरलं. तेव्हा खरं बोलता आलं असतं. पण सगळे त्यांच्याच तोंडाकडे पाहत होते, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, की मास्तर होडीत चढले होते, मी पाहिलं. मग आठ दिवस पाणी धुंडाळलं. बेटाकडे कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून विणीचा हंगाम, चार महिने बेट बंद. पुढं उघडलं तेव्हा तिथं काही सापडलं नाही.

आणि आता रोज साडेचारला तो माणूस आपला बिल्ला खिळ्यावर लावत होता, आपल्याला मोजतील म्हणून. वाचनालयापर्यंतच्या रस्त्यात बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत मास्तरांची बायको वाट पाहत बसली होती. सहलीला काय काय घ्यायचं ते विचारून झालं. मग तिनं नेहमीचं काढलं. ते होडीत बसले तेव्हा कसे दिसत होते, तेवढं पुन्हा सांगा ना. हे ती दर महिन्याला विचारायची आणि बाई दर महिन्याला सांगायच्या. चष्मा पुसत होते, हसत होते, तुमचं नाव काढलं. खोट्याला एकेक टाका घालत तीन वर्षांत त्यांनी अख्खी गोधडी शिवली होती, आणि मास्तरांची बायको ती पांघरून झोपत होती.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "मी त्यांना पाहिलं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. बिल्ला, कुलूप, कारकुनाचा खण. मान वर करायची हिंमत झाली नाही. समोरची खुर्ची सरकली.

"म्हणजे ते तिथंच होते... आणि मी पाण्याकडे बघत बसायचे," वहिनी म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

दिवस मावळायच्या आत कारकुनाचा फोन आला. आवाज मोकळा होता. तुमचं काम झालं, म्हणाला. आज अकरा गेले, अकराच बिल्ले भरले. सातचा खिळा रिकामा. बारांची परवानगी लिहून टाकतो.

"आणि होडी?" बाईंनी विचारलं. "होडीत किती होते?"

"नावाडी आकडा सांगत नाही. उद्यापासून येणार नाही एवढंच म्हणतो..."

बाईंनी फोन ठेवला आणि लगेच वहिनींना लावला. काय सांगायचं होतं ते त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. दार लावून घ्या म्हणावं, की उघडं ठेवा म्हणावं? बराच वेळ घंटी वाजली. मग फोन उचलला गेला. वहिनींचा आवाज अगदी दबका होता. त्यात तीन वर्षांत न ऐकलेलं समाधान होतं.

"हळू बोला बाई. आत्ताच डोळा लागलाय..."

कुणाचा, हे बाईंच्या तोंडून निघेना.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," वहिनी कुजबुजल्या. "फक्त उद्या येऊन जा म्हणालेत. एकट्याच या."