खांड्याला घातलेली माळ

तै महिन्यातल्या, म्हणजे ऐन जानेवारीतल्या धुक्यामुळे सिंगापूरहून येणारं विमान तिरुचीऐवजी चेन्नईला उतरलं, आणि तंजावूरच्या मंडपात अक्षता घेऊन बसलेली मंडळी नवरदेवाविना उरली. नवरीची अम्मा जयश्री कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिच्या मते गोष्ट सोपी होती. मुलगा संध्याकाळी येईल, लग्न संध्याकाळी लावू. पण लग्नघरात सोपं कुणाला रुचलंय!

"आमच्यांत मुहूर्त चुकवीत नाहीत," नवरदेवाची आत्या गंगाबाई म्हणाल्या. "खांडा आणा."

नवरदेव प्रद्युम्नचं घराणं तिरुवैयारूपलीकडच्या जुन्या जहागिरीचं. जहागीर गेली, ऐट राहिली. पूर्वी जहागीरदार लढाईवर असला, की सरदारांच्या घरातली वधू त्याच्या खांड्याला, म्हणजे तलवारीला, माळ घालायची. त्या बायकांच्या तसबिरी त्यांच्या दिवाणखान्यात होत्या. सोन्याचा वर्ख, खडे, भरजरी लुगडी, आणि नवऱ्याच्या जागी गादीवर उभा खांडा. चित्रकाराने मेहनत वाचवली, असं बोलणी करायला गेलेल्या जयश्रीला तेव्हा वाटलं होतं.

नवरीला, हरिप्रियाला, तर गंमतच वाटली. मैत्रिणींनी मोबाइल सरसावले, तिने हसत म्यानातल्या खांड्याला माळ घातली. भटजींनी तिच्या पदराची गाठ मुठीशी बांधली आणि थोड्या वेळाने सोडली. तरी हरिप्रियाचा हात मुठीवरून निघेना. हसू कधीच मावळलं होतं. जयश्रीने तिची बोटं एकेक करून सोडवली.

"आता प्रद्युम्न आला की खांडा उचलील आणि सुनेला घरी नेईल," गंगाबाई म्हणाल्या. "परत माळ नाही, मंगळसूत्र नाही."

"म्हणजे माझ्या लेकीचा नवरा कोण?"

"खांडा. प्रद्युम्न त्याच्या वतीने नांदवील."

जयश्रीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "लोखंडाला मुलगी देत नाही मी! रीतसर लग्न लावा, नाहीतर मुलगी घरी नेते."

नवरदेवाचे वडील प्रतापसिंह चारचौघांत तमाशा नको म्हणून कबूल झाले. गंगाबाई मात्र पानावरून उठून गेल्या.

संध्याकाळी प्रद्युम्न आला, दमलेला आणि खुशीत. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी दोघांमध्ये धरलेला अंतरपाट वरपासून खालपर्यंत फाटला. शिंप्याने कापावा तसा, सरळ.

"जुनं कापड," जयश्री म्हणाली.

हरिप्रियाने माळ घातली. ती प्रद्युम्नच्या छातीवरच दुभंगून पायाशी पडली. त्याच्या अंगरख्यावर तिरकी लाल रेघ उमटली.

"टाचणी लागली," तो हसला.

मंगळसूत्राची पहिली गाठ बांधताना त्याची दोन बोटं हाडापर्यंत उघडली. रक्त हरिप्रियाच्या मानेवर ठिबकलं. ती हललीसुद्धा नाही.

"थांबवा!" जयश्री ओरडली. पण नादस्वरम टिपेला पोचलं होतं, आणि प्रद्युम्नने दात आवळून उरलेल्या गाठी बांधल्या.

बोटांना टाके पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरदेवाच्या घरी, तसबिरींच्या खाली पंगत बसली. समोर चौरंगावर म्यानातला खांडा. जयश्री मुद्दाम त्याच्यासमोर बसली. भौतिकशास्त्र गेलं खड्ड्यात. तिने त्याच्यावरून नजर हलवली नाही. कुणी तिकडे फिरकलं नाही. खांडा होता तिथेच होता.

"सदरा बदलून येतो," म्हणत प्रद्युम्न आतल्या खोलीत गेला. कडी लागल्याचा आवाज आला.

मग नारळ फुटावा तसा एक आवाज.

लगेच दुसरा.

किंकाळी आलीच नाही. दाराखालून रक्त आलं, आणि शेवटच्या केळीच्या पानाशी येऊन थबकलं. प्रतापसिंहांनी खांद्याने दार फोडलं. पोरगा खांद्यापासून कमरेपर्यंत चिरला होता. खिडकीचे गज शाबूत होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

जयश्री धावत माघारी आली आणि तिने स्वतः खांडा उपसला. पातं कोरडं होतं. वर्षानुवर्षांचा गंज तिच्या तळव्याला लागला.

पोलीस आले, प्रश्न विचारून गेले. हत्यार सापडलं नाही.

हरिप्रिया रडली नाही, माहेरी यायलाही तयार होईना. तेरावा दिवस झाल्यावर जयश्री टॅक्सी घेऊन गेली. आज लेकीला उचलून न्यावं लागलं तरी न्यायचं, हे तिने ठरवलंच होतं. दिवाणखाना रिकामा होता. खांड्याचा चौरंगही.

"पापा! चल गे, घरी जाऊ!" तिने लेकीला लहानपणच्या लाडक्या नावाने हाक मारली.

आतल्या खोलीचं दार उघडलं. हरिप्रिया बाहेर आली. ठसठशीत कुंकू, केसांत ताजा मोगरा. तिने दार हलकेच ओढून घेतलं.

"अम्मा, हळू बोल," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."