आदल्या दिवशीचा पाऊस

"आमचं अख्खं शहर समुद्रात बुडवलंत, ते तुम्हीच का?"

मी मान वर केली. दारात एक उंच माणूस. एका हातात निथळती छत्री, दुसऱ्यात जगाच्या हवामानाचा नकाशा. चष्म्यावर थेंब… आणि त्यामागचे डोळे रागावायची फारशी सवय नसलेले.

"मी नाही. मी बुडलेल्यांना बाहेर काढते. बसा."

तो धरणावरचा इंजिनिअर. त्याला समजावलं—जगाच्या हवामानाचं कॉम्प्युटर मॉडेल म्हणजे मोठमोठ्या चौकोनांची चादर. एका चौकोनाला एकच उत्तर. तुमच्या चौकोनात निम्म्याहून जास्त समुद्र, म्हणून शहरही समुद्र! मी त्याचे बारीक तुकडे करते, त्यात डोंगर, दरी, नदी घालते आणि पुढच्या काळातला पाऊस पुन्हा विचारते.

"मग आमच्या दरीबद्दल नकाशा काय म्हणतोय?"

"मोठा नकाशा म्हणतो, पाऊस कमी होईल. माझा म्हणतो, कोसळेल."

नदीकाठच्या वस्तीत त्याची आई राहत होती. तिथली पूरभिंत वाढवायची की नाही, हे समिती ठरवणार होती; आणि माझ्या मॉडेलने आधी होऊन गेलेला पाऊस बरोबर सांगितला, तरच ती माझं ऐकणार होती.

"जुन्या नोंदी मी आणून देतो," म्हणाला, आणि छत्री विसरून गेला.

छत्रीसाठी दुसऱ्या दिवशी आला. मग येतच राहिला—"इकडून चाललो होतो…" आमचं ऑफिस टेकडीच्या टोकावर. इकडून कुठेच जाता येत नाही.

बैठकीच्या दिवशी मात्र मी डोक्याला हात लावून बसले होते.

"काय झालं?"

"माझा प्रत्येक मोठा पाऊस तुमच्या नोंदीच्या आदल्या दिवशी पडतोय. आता तुमचं अंगण वाकडं म्हणू का?"

"म्हणा की! पण आम्ही रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजतो, त्याच तारखेला लिहितो."

"सकाळी?" मी ताडकन उठले. "अहो, मग ते पाणी आदल्या दिवसाचं!"

"हे तर सगळ्यांनाच माहीत—"

"माझ्या कॉम्प्युटरला नाही ना! त्याचा दिवस मध्यरात्री बदलतो!"

नोंदी एक दिवस मागे सरकवल्या. पडद्यावर मॉडेलची आणि नोंदींची, दोन्ही रेषा सख्ख्या बहिणी एका पांघरुणात शिराव्यात तशा बिलगल्या. तो ओरडलाच. मीही!

समितीच्या अध्यक्षबाईंनी खोदून खोदून विचारलं. पण नोंदींतला जुना महापूर माझ्या नकाशात त्याच दिवशी, त्याच काठावर उभा होता. भिंत मंजूर झाली!

पायऱ्यांवर त्याने आईला फोन लावला. "आई, भिंत वाढणार!… हो, तीच ती नकाशेवाली… हो गं, विचारतो." फोन ठेवला तेव्हा कान लाल.

"काय विचारणार?"

"आधी एक सांगायचंय. आम्ही धरणवाले सगळं दुसऱ्या सकाळी नोंदवतो. छत्री विसरलो, घरी गेलो, जेवलो, झोपलो… आणि सकाळी कळलं, की मी तुमच्या प्रेमात—"

"तुमची तारीख मागे घ्यावी लागेल."

"का?"

"माझी नोंद आदल्या दिवसाची आहे. दारात उभे होतात ना… तेव्हाची."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. तरी त्याने छत्री उघडली. मीही मुकाट्याने तिच्याखाली शिरले.