बारावा खांदा

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अकरा वर्षं मी लोकांना जमिनीखालच्या गुहांत नेऊन आणलंय. वटवाघळांनी माझ्या डोक्यावर जे जे करायचं ते सगळं करून झालंय. मी कधी घाबरले नाही.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं.

आणि रात्रीबित्रीची नाही हं. भर दुपारची आहे. जुलै २००९, बुधवार, दुपारचे बारा.

क्वीन्सलँडच्या आत, केर्न्सहून मोटारीनं चारेक तासांवर, आमचं लॉज होतं. पाहुणे जुन्या आगगाडीच्या डब्यांत राहायचे. डबे झाडांखाली कायमचे उभे. जवळच ज्वालामुखीच्या गुहा. लाव्हा वाहून गेला आणि मागं पोकळ बोगदे राहिले, आगगाडी जाईल एवढे रुंद. त्या दाखवायचं काम माझं. मी लिओनी.

दर जुलैत शाळांना सुट्टी लागली की माझा धाकटा भाऊ गार्थ टाऊन्सव्हिलहून यायचा. बायको नेल आणि मुलगी विनी. विनी तेव्हा आठ वर्षांची. समोरचे दोन दात पडलेले, पायांत जांभळे बूट. सगळ्या घराचा जीव त्या पोरीत अडकलेला. गार्थचा तर जास्तच.

त्या दिवशी सकाळी गार्थनं शेगडीवर सॉसेज ठेवली आणि विनीला गाडीत घालून लाकडं आणायला गेला. पाच मिनिटांत येतो म्हणाला. आला अर्ध्या तासानं. लाकडं आणली चार. सॉसेजचा कोळसा झालेला.

"गार्थ्या, चार काटक्या आणायला अर्धा तास? जंगल तोडत होतास का रे?"

"रस्ता खराब होता."

"आणि पोरगी एवढी खूश का? खराब रस्त्यावर?"

विनीनं तोंडावर हात ठेवला आणि फिदीफिदी हसली. नेल करवादली, "दोघं मिळून काहीतरी लपवताहेत." कुकाबुरा पक्षी खाली येऊन सॉसेज उचलतात, नेहमीचं आहे ते. त्या दिवशी एक आला, चोच लावली आणि तसाच उडून गेला. आम्ही पोट धरून हसलो.

ते आम्हा चौघांचं एकत्र शेवटचं हसणं. मोकळं, म्हणजे.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडं रानात हाक मारायची ती 'कूई' अशी. लांबवर जाते. आमचे आजोबा गुरं राखायचे. त्यांचे दोन नियम होते. हरवलं की जागचं हलायचं नाही, कूई द्यायची. आणि कूई ऐकली की ओ द्यायचीच, मग ती कुणाची का असेना. ओ न देणारा माणूस माणसातला नाही, असं म्हणायचे.

विनीला हे मीच शिकवलं होतं.

बारा वाजता मी बारा माणसं घेऊन गुहेत उतरले. नेल आली नाही, तिला अंधाराचं वावडं. मी मोजायची ते प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून. नुसत्या नजरेनं मोजलं की चूक होते. हात खोटं बोलत नाही.

असं मला तेव्हा वाटायचं.

आत लाकडी फळ्यांची वाट. वाट संपते तिथं दोरी. दोरीपलीकडं हवा वाईट. वास नाही, रंग नाही, पण माणूस पंधरा-वीस मिनिटांत आडवा होतो. मी खिशात लायटर ठेवायची. ज्योत बारीक झाली की मागं फिरायचं.

दोरीपाशी मी नेहमीची बडबड केली. "मंडळी, हा माझा सख्खा भाऊ. याच्या हातचं खाऊ नका. आज सकाळी यानं सॉसेज करपवली, कुकाबुरासुद्धा तोंड फिरवून गेला!"

सगळे हसले. ते हसणं आतपर्यंत घुमत गेलं.

मग अंधाराचं मिनिट. सगळ्यांनी विजेऱ्या विझवायच्या आणि गप्प उभं राहायचं.

विझवल्या.

डोळ्यांपुढं धरलेला हात दिसत नव्हता. पाणी ठिबकत होतं. कुणीतरी खाकरलं.

आणि दोरीपलीकडून... खूप आतून...

"कूई..."

माझ्या शेजारून विनीनं लगेच ओ दिली. "कूई!"

मिसेस पॅजेट नावाच्या म्हाताऱ्या शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "वा, काय घुमतंय!"

मीही हसले. विजेरी लावली आणि परत निघाले. दहा पावलं गेल्यावर डोक्यात आलं...

घुमलेला आवाज नंतर येतो. आधी येत नाही.

पण मागं बारा माणसं होती, जेवणाची वेळ झाली होती. मी तो विचार झटकला.

गुहेच्या तोंडाशी मी पुन्हा मोजलं. गार्थ मिसेस पॅजेटना हात देत पायऱ्या चढत होता. "विने, तू आत्याबरोबर मागून ये," असं त्यानं मला ऐकू येईल असं सांगितलं होतं. मी एकेक खांदा मोजत गेले. नऊ. दहा. अकरा.

शेवटचा खांदा लहान होता. खाली जांभळे बूट.

बारा.

खांदा गार होता. ओला होता. गुहेतलं पाणी ठिबकलं असेल, असं मला वाटलं.

वर लॉजच्या बसपाशी गार्थनं विचारलं, "विनी कुठंय?"

"मागे असेल."

"लिओ, मागे कुणी नाहीये."

मी मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. अकरा.

"विनी!"

काही नाही. ऊन, झाडं, माश्या.

आणि मग खालून... गुहेतून...

"कूई..."

विनीचा आवाज. पडलेल्या दातांमधून हवा जाते तसा शेवटी फुसका होणारा.

आम्ही दोघं पायऱ्यांवरून अक्षरशः कोसळत खाली गेलो. फळ्यांवरून धावलो. गार्थ "विने! हलू नकोस! आलो!" असं ओरडत होता. आवाज दरवेळी थोडा पुढून येत होता. दोरीपर्यंत पोचलो.

आवाज दोरीच्या पलीकडं होता.

"बाबा..."

गार्थनं दोरीखालून अंग घातलं. मी त्याचा शर्ट धरला.

"गार्थ्या, थांब! हवा बघू दे आधी!"

"खड्ड्यात गेली तुझी हवा! पोर आहे आत!"

"लायटर पेटत नाही तिथं माणूस जगत नाही रे!"

"मग ती कशी जगेल?"

त्यानं हिसडा दिला. माझ्या हातात शर्टाचं एक बटण राहिलं.

मी मागोमाग गेले. वीस पावलांवर लायटरची ज्योत पिवळी झाली. तीस पावलांवर विझली. मी चाक फिरवत राहिले, नुसत्या ठिणग्या. डोकं फुटायला आलं. गुडघे वळेनात. पुढं गार्थची विजेरी एका वळणाआड गेली.

मी मागं फिरले.

हे लिहितानाही लाज वाटते. भाऊ आत, भाची आत, आणि मी मागं फिरले. दोरीपाशी ओणवी होऊन ओकले. देवाला मी कधी हाक मारली नव्हती, त्या दिवशी मारली. घे काय घ्यायचं ते, पण ही दोघं परत दे, म्हणाले. काय मागतेय याचं भान नव्हतं.

तेवढ्यात गुहेच्या तोंडाकडून मिसेस पॅजेटचा आवाज आला.

"सापडली! पोरगी इथं आहे!"

पायऱ्यांच्या खाली, रानअंजिराच्या झाडाच्या मुळांमध्ये विनी बसली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात तोंडावर. आम्ही तिच्या डोक्यावरून धावत गेलो होतो.

मी तिला गदागदा हलवलं. "अगं कार्टे, ओ का नाही दिलीस?"

ती हळूच म्हणाली, "आत कुणीतरी माझ्या आवाजात ओ देत होतं."

घाबरायला वेळ नव्हता. गार्थ जाऊन दहा मिनिटं झाली होती. मी तिला उचललं आणि दोरीपाशी आणलं.

"बाबांना हाक मार. कूई नको. आत तेच चाललंय, त्यांना कळणार नाही. दुसरं काहीतरी. आपल्या घरचं."

"काय?"

"सॉसेज करपली म्हण! ओरड!"

विनी ओरडली. "बाबा! सॉसेज करपली! बाबा, सॉसेज करपली!"

आतून तो दुसरा आवाजही काहीतरी म्हणत होता. शब्द मला लागले नाहीत. रडवेला होता.

दोन आवाज. एक माझ्या कडेवर, एक अंधारात. दोन्ही हुबेहूब.

"ओरडत राहा, सोन्या. थांबू नकोस."

किती वेळ गेला देव जाणे. मग विजेरीचा उजेड हलला. गार्थ रांगत आला. ओठ निळे पडलेले. पाहुण्यांपैकी चौघांनी त्याला ओढून बाहेर काढलं.

उन्हात त्यानं डोळे उघडले. समोर विनी उभी.

त्यानं तिला जवळ घेतलं नाही.

तो उठला आणि परत गुहेकडं निघाला. चार पुरुषांना आवरेना.

"ती आत आहे! सोडा मला! आत आहे ती!"

"वेड्या, ही काय तुझ्यासमोर!"

मग त्यानं तिच्याकडं बघितलं. बोटानं तिचा गाल चाचपला. "हो," म्हणाला. "हीच."

बस सुरू करताना खालून पुन्हा आलं... अगदी बारीक...

"कूई..."

माझं तोंड सवयीनं उघडलं. विनीनं माझा हात दाबला.

"आत्या, ओ देऊ नकोस."

कुणीच दिली नाही.

डॉक्टर म्हणाले, वाईट हवेनं डोक्यात भास होतात. नेल म्हणाली, पोरगी मिळाली ना, मग विषय संपला. कुणीच हरवलं नव्हतं, तर शोधायचं कुणाला? त्या बोगद्याला लोखंडी दार बसलं. पुढच्या वर्षी मी काम सोडलं. मोजून झालं तरी पुन्हापुन्हा मोजत राहायची.

गेल्या वर्षी नेल वारली. अंत्यविधी उरकून लोक गेले. गार्थ आणि मी स्वयंपाकघरात कप धूत होतो. तो एकाएकी बोलला.

"लिओ, त्या सकाळी अर्धा तास का लागला सांगू? मी विनीला मांडीवर बसवून गाडी चालवायला दिली होती. नेलला कळलं असतं तर तिनं मला सोलून काढलं असतं. आईला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं."

"बरं, मग?"

"तू सॉसेज सॉसेज ओरडायला लावलंस ना... तेव्हा आतली काय ओरडत होती माहितीये?"

त्यानं नळ बंद केला.

"बाबा, मी गाडीचं आईला नाही सांगितलं. नाही सांगितलं बाबा, मला न्या."



सॉसेजची थट्टा मीच त्या गुहेत सगळ्यांसमोर केली होती. आत जे काही होतं त्यानं ती ऐकली होती. पायऱ्यांखालच्या पोरीला ते शब्दही मीच शिकवले. गाडीचं मात्र त्या गुहेत कुणी बोललं नव्हतं.

आणि मी बारा मोजले होते. बारावा खांदा गुहेतून बाहेर आला होता. गार, ओला. पायऱ्यांपर्यंत.

विनी आता चोवीस वर्षांची आहे. गुणी पोरगी, नर्स आहे. आईचं शेवटपर्यंत हिनंच केलं. त्याच संध्याकाळी मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"विने, पहिल्यांदा गाडी कधी चालवलीस गं?"

"सोळाव्या वर्षी. का?"

"त्याआधी? लहानपणी कधी, बाबांच्या मांडीवर?"

ती हसली. डोळ्यांत पाणी होतं.

"आत्या, बाबांनी मला मांडीवर कधी घेतलंय गं?"

आठ वर्षांची पोरं विसरतात. सोळा वर्षं बापानं जवळ घेतलं नाही, तर आधीचंही विसरत असेल माणूस. मी स्वतःला हेच सांगते. दिवसातून दहा वेळा सांगते.

गार्थ दर जुलैत एकटाच तिकडं जातो. सगळ्यांना वाटतं मासे पकडायला जातो. लोखंडी दारापाशी उभा राहून कूई देतो, हेही त्यानं त्या दिवशी कप धुतानाच सांगितलं.

"ओ येते?" मी विचारलं.

त्यानं कप फळीवर उपडा ठेवला.

"येते," म्हणाला. "अजून आठ वर्षांचीच आहे."

या जुलैत मीही त्याच्याबरोबर जाणार आहे. दाराच्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडं राहिलीय.

विनीला आम्ही सांगितलेलं नाही.