रिकाम्या तीन वर्षांचा अर्ज

सन २०४९. नाशिकच्या रोजगार सहाय्य केंद्रात हेमांगी कुलथे कपाळाला हात लावून बसल्या होत्या. अपंग उमेदवारांचे अर्ज सुधारून देण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि आज दिगंबर खरातनं सगळ्यावर बोळा फिरवला होता.

शहरावरून धावणाऱ्या रज्जुरथाच्या नियंत्रण कक्षात त्याला नोकरी हवी होती. तिथले अर्ज माणूस वाचत नसे, 'अर्जपारखी' नावाची प्रणाली वाचत असे. दिगंबरचे दोन अर्ज नापास झाले होते. तिसराही झाला की वर्षभर दार बंद. त्याचं अंधत्व आणि त्यापायी रिकामी गेलेली तीन वर्षं हेमांगीताईंनी नेहमीच्या सफाईनं 'घरगुती जबाबदाऱ्या' या दोन शब्दांखाली झाकली होती. आणि हा पठ्ठ्या, त्या चहाला गेल्या असताना, अर्ज बदलून पाठवूनही मोकळा झाला!

"काय लिहिलंस रे त्यात?"

"खरं तेच. डोळे गेले, तीन वर्षं पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या पडदावाचकावर काम शिकलो, चाकाच्या आवाजावरून बिघाड ओळखतो. ताई, खोटं लक्षात ठेवायचा कंटाळा आला हो."

"अरे, स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास!"

तेवढ्यात निकाल आला. शंभरात शहाण्णव. निवड झाली होती.

हेमांगीताईंचा विश्वासच बसेना. त्यांनी प्रणाली बांधणाऱ्या इरफान मुजावरांना फोन लावला.

"तुमची पारखी बिघडलीय का हो?"

"नाही मॅडम. तिला दया कळत नाही, आकसही कळत नाही. कामावर कोण टिकलं, ते ती नोंदींवरून शिकते आणि नवा अर्ज त्यांच्याशी ताडून बघते. तिथं दहा वर्षांहून जास्त टिकलेल्यांपैकी अकरा जणांनी रुजू झाल्यावर पडदावाचक नाहीतर रॅम्प मागितला होता; याचा अर्ज त्यांच्याशीच जुळला. गंमत म्हणजे त्यांच्या अर्जात अपंगत्वाचा उल्लेखच नाही."

"मग याचे आधीचे दोन अर्ज?"

"गुळगुळीत होते. त्या अकरांशी जुळेल असं त्यांत काहीच नव्हतं, आणि तसे अर्ज करणारे बाकीचे बहुतेक दोन वर्षांत सोडून जातात."

हेमांगीताईंना ती अकराही नावं पाठ होती. ते अर्ज त्यांनीच लिहिले होते. माणसांना स्वतःला लपवायला शिकवलं, ही टोचणी त्यांना वर्षानुवर्षं छळत होती. पण ती माणसं तशी आत शिरली नसती, तर पारखीला शिकवणार कोण होतं? त्यांना एकदम हलकं वाटलं. डोळे पुसून त्यांनी दिगंबरच्या पाठीवर जोरात थाप मारली.

मग बाहेर बसलेल्या उमेदवार बाईंना आत बोलावून त्यांनी कोरा अर्ज पुढे ओढला.

"या, बसा. काय काय लपवलंय, ते आधी सांगा."