आकाशातल्या गप्पा

बाई आत आली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "उद्या सकाळी मला अटक होणार आहे. ती झाली तरी चालेल. पण माझ्या नवऱ्याला कुणीतरी पटवून द्या, की हे मी केलेलं नाही."

गुप्तहेराने नाक मुरडलं. त्यात विशेष काही नव्हतं. हा माणूस आरशात बघतानाही नाक मुरडत असणार. लांबलचक हातपाय आणि वर हे नाक, म्हणून सगळे त्याला नाकतोडा म्हणत. इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली हे त्याचं ऑफिस. तिथे त्याच्यासोबत त्याचा मेहुणा बसे. बहिणीकडे चार दिवसांसाठी म्हणून आलेला हा मेहुणा पुढे गेलाच नाही, आणि भाऊजींच्या धंद्यात आपला फार उपयोग होतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"काय झालं ते सांगा. रडायचं असेल तर आधी उरकून घ्या," नाकतोडा म्हणाला.

"मी रडायला आलेली नाही," बाई म्हणाली. "माझा नवरा सिनेमात हिरोच्या ऐवजी विमानातून उड्या मारतो. मी त्याची पॅराशूट घडी घालून भरते."

मेहुणा उठून उभाच राहिला. "तोच ना सिनेमा? पोलीस वेष पालटून टोळीत शिरतो आणि टोळी विमानातून उड्या मारून दरोडे घालते?"

"विमानातून उडी मारून दरोडा!" नाकतोडा म्हणाला. "इमारतीला जिना नव्हता वाटतं. तू खाली बस."

बाईने पुढचं नीट सांगितलं. काल नवऱ्याने उडी मारली, पॅराशूट उघडायचं हँडल ओढलं, पण ते निघेना. हे हँडल कमरेपाशी एका लहान खिशात खोचलेलं असतं. तो खिसा कुणीतरी आतून चिकटवला होता, खोट्या दाढीमिशा लावायच्या गमने. नवरा ओढत राहिला. शेवटी त्याने राखीव पॅराशूट उघडलं, पण तोवर जमीन फार जवळ आली होती. वाऱ्याने त्याला मैदानाबाहेर नेऊन दगडी कुंपणावर आपटलं. खुबा मोडला, जीव वाचला.

"आणि पोलिसांना तुम्हीच बऱ्या सापडलात?"

"दोन्ही पॅराशूट मीच भरते. दुसरं कुणी भरत नाही. भरून तंबूतल्या टेबलावर ठेवलं आणि जेवायला गेले, तेवढाच काय तो वेळ ते उघड्यावर होतं. शिवाय आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, सगळ्या सेटसमोर. हिरो मुलाखतीत सांगतो की उड्या मी स्वतः मारतो, आणि आमचा हा बाजूला उभा राहून टाळ्या वाजवतो. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, एक दिवस तुझं पॅराशूटच उघडणार नाही, मग जगाला कळेल कोण उडी मारतं ते."

"उत्तम. आता नवरा काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही. मी खोलीत गेले की भिंतीकडे तोंड फिरवतो."

एवढं बोलून मात्र तिने डोळे पुसले. मेहुण्याने घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला, आणि त्यातलं अर्धं पाणी टेबलावर सांडलं.

हॉस्पिटलात नवरा पाय टांगून पडला होता. धडधाकट, देखणा गडी. डोक्याचा भाग मात्र फारसा वापरलेला दिसत नव्हता.

"कुणाशी वैर?" नाकतोड्याने विचारलं.

"कुणाशीच नाही. थट्टामस्करी करतो मी सगळ्यांची. हिरोला म्हणालो, शिडीवर चढताना तुमचे पाय लटपटतात, ते पत्रकारांना दाखवू का? डायरेक्टरला म्हणालो, साहेब, उडीचं तुम्हाला काही कळत नाही, कॅमेरा माझ्याकडे द्या. ज्या पोलीस अधिकाऱ्याची ही गोष्ट आहे ते सेटवर सल्लागार आहेत, त्यांना विचारलं, हवेत टोळीचा म्होरक्या तुमच्याशी बोलला तो ऐकू कसा आला? पडताना वाऱ्याचा आवाज एवढा असतो की स्वतःची किंकाळी ऐकू येत नाही. आम्ही हातानेच खुणा करतो. म्हटलं, उद्या पत्रकार येतायत, त्यांच्यासमोर मला समजावून सांगा. सगळे हसले की हो."

"ते हँडल कुठे असतं हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. सेटवर येणारा प्रत्येक जण 'हेच का ते' म्हणून हात लावून जातो."

"आणि बायको?"

नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. "तीच भरते पॅराशूट. मी कधी तपासतसुद्धा नाही. अजून काय सांगू?"

"काही नको. जेवढी अक्कल होती तेवढी सांगितलीत," नाकतोडा म्हणाला आणि निघाला.

सेट एका सपाट, ओसाड मैदानावर होता. फाटकावरच सल्लागारांचा भलामोठा फोटो होता: 'टोळीत वेष पालटून राहिलेल्या शूर पोलीस अधिकाऱ्याची सत्यकथा!' लपूनछपून काम केलेल्या माणसाचा चेहरा फाटकाएवढा करून लावायचा, हे सिनेमावाल्यांनाच सुचू शकतं.

आत फौजदार भेटला. गुन्हा उकलल्याच्या थाटात तो खुर्चीत रेलला होता.

"मेकअपवाल्याच्या पेटीला कुलूप होतं. गमच्या सगळ्या बाटल्यांची सीलं शाबूत आहेत," तो म्हणाला. "म्हणजे गम बाहेरून आला. बाईने विकत घेतला असणार."

"कुठून?"

"निघेल ते. बायकांचं डोकं अशा कामात फार चालतं."

"तुमचं कुठल्या कामात चालतं?" नाकतोड्याने चौकशी केली, आणि उत्तराची वाट न पाहता हिरोच्या गाडीत शिरला.

हिरो मानेला गरम पाण्याची पिशवी लावून पडला होता. मेहुण्याने सही मागितली. सही देता देता हिरो कण्हला.

"माझं कुणी विचारत नाही! परवा दिवसभर मला क्रेनला टांगून ठेवलं होतं. खालून पंखा. एक हँडल ओढ, ते निघत नाही म्हणून घाबर, मग छातीवरचं दुसरं ओढ. पुन्हा घाबर. पुन्हा ओढ. डायरेक्टर म्हणतो, घाबरणं खोटं वाटतंय. अहो, मी जमिनीपासून चांगला पुरुषभर उंचीवर होतो!"

"छे छे, जिवावरचाच प्रसंग," नाकतोडा म्हणाला. "डुप्लिकेटने तुमच्या पायांची थट्टा केली होती म्हणे."

"त्याने काय होतंय? तो पडला तर उड्या कोण मारणार, मी?" हिरोच्या चेहऱ्यावरची भीती इतकी खरी होती, की डायरेक्टरने तिथे असायलाच हवं होतं.

डायरेक्टर मॉनिटरसमोर बसला होता. त्याने आपला सीन पुन्हा पुन्हा दाखवला. पडद्यावर हिरो आणि खलनायक आकाशातून कोसळता कोसळता एकमेकांशी ऐसपैस गप्पा मारत होते. एवढा वेळ पडायला विमान चंद्रापाशी असावं लागलं असतं.

"यात अर्थ आहे," डायरेक्टर म्हणाला. "पहिलं पॅराशूट म्हणजे व्यवस्था. ती दगा देते. राखीव पॅराशूट म्हणजे माणसाचा अंतरात्मा. तो तारतो."

"आणि कुंपण म्हणजे?"

डायरेक्टर विचारात पडला. कुंपणाचा अर्थ त्याला अजून लागला नव्हता.

सल्लागार शेवटी पॅराशूटच्या तंबूत भेटले. निवृत्त माणूस, ताठ कणा, आणि ओठांवर भरघोस पांढरी मिशी. फौजदार त्यांच्यामागे छत्री धरून उभा राहायचा तेवढा बाकी होता. मेहुणा तर भारावूनच गेला.

"साहेब, तो उडीचा प्रसंग तुमच्या तोंडून ऐकायचाय!"

सल्लागारांना तेवढंच हवं होतं. चहाचा घोट घेऊन त्यांनी सुरुवात केली. "आम्ही विमानातून झेपावलो. म्होरक्या हवेत माझ्याजवळ आला. म्हणाला, ओळखलं मी तुला, तू पोलीस आहेस. मी म्हणालो, ओळखलंस, पण उशिरा! आणि छत्री उघडली."

"नसती उघडली तर?" नाकतोड्याने विचारलं.

"तर काय! पाठीवर एक छत्री, खाली मरण. ती उघडली नाही की खेळ खल्लास. म्हणून तर या कामाला छाती लागते."

"परवाच्या शूटिंगला तुम्ही होता? हिरोला टांगलं तेव्हा?"

"मी जेवणाच्या सुट्टीआधी इकडे फिरकत नाही, आणि आलो तरी या तंबूतून हलत नाही. आणि स्क्रिप्ट मी वाचलेलीच नाही. जे जगलो ते काय वाचायचं?"

बाहेर पडल्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, पाहिलंत? आठवणीने मिशी थरथरत होती त्यांची."

"उजवी बाजू थरथरत होती. डावी शांत होती," नाकतोडा म्हणाला, आणि परत फौजदाराकडे गेला. "एक फोन करा. तुमच्या या साहेबांची नोकरी कुठल्या खात्यात झाली ते विचारा."

"त्यांच्यावर संशय? लाज वाटली पाहिजे!"

"मला वाटेल. तुम्ही फोन करा."

संध्याकाळी पॅराशूटच्या तंबूत सगळे जमले. लांब टेबलावर तसंच एक दुसरं पॅराशूट ठेवलं होतं. बाई कोपऱ्यात उभी होती. फौजदार फोन करून आला होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

"एक खेळ खेळू," नाकतोडा म्हणाला. "समजा, तुम्ही आकाशातून पडताय. कमरेचं हँडल ओढलं, निघत नाही. काय कराल? बोलू नका, करून दाखवा."

हिरोचा डावा हात आपोआप छातीवर गेला. परवा दिवसभर त्याने तेच केलं होतं. डायरेक्टरनेही छातीवर हात नेला, आणि वर हिरोला म्हणाला, "कोपर खाली!" बाईने हात हलवलासुद्धा नाही, तिला कुणी विचारायची गरज नव्हती.

सल्लागार नुसते बघत राहिले. "करायचं काय त्यात? देवाचं नाव घ्यायचं."

"धन्यवाद," नाकतोडा म्हणाला. "गुन्हेगार सापडला."

"भाऊजी!" मेहुणा किंचाळला.

"ज्याने तो खिसा चिकटवला त्याला माणूस मारायचा होता. पण राखीव पॅराशूटला त्याने हातही लावला नाही. का? त्याला घाई असेल म्हणाल तर छातीवरचं हँडल समोरच होतं. त्याने ते सोडलं, कारण ते कशाचं आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. पाठीवर एकच पॅराशूट असतं अशी त्याची समजूत होती. आता बघा. बाई दोन्ही पॅराशूट स्वतः भरते. तिला जीवच घ्यायचा असता तर दुसरं चालू ठेवलं नसतं. हिरो परवा दिवसभर दुसरं हँडल ओढत कण्हत होता. डायरेक्टरला तर राखीव पॅराशूटमध्ये अंतरात्मा दिसतो. या सेटवर एकच माणूस असा, ज्याने स्क्रिप्ट वाचली नाही, शूटिंग पाहिलं नाही, आणि मला तोंडाने सांगितलं, पाठीवर एक छत्री, खाली मरण."

"मी शेकडो—" सल्लागार उठले.

"एकही नाही. कोसळताना आकाशात गप्पा होत नाहीत. डुप्लिकेटने ते ओळखलं आणि पत्रकारांसमोर विचारतो म्हणाला. तो हसत होता, पण तुमचा फाटकाएवढा फोटो त्या एका प्रश्नाने खाली आला असता. भांडणात या बाईच्या तोंडून निघालं, पॅराशूट उघडणार नाही. तुम्हाला युक्तीही मिळाली आणि तिच्यावर ढकलायची सोयही झाली. बाई जेवायला गेली तेव्हा तुम्ही तंबूत होता. तुम्ही इथून हलत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत."

"पुरावा?" सल्लागार ओरडले. "गम कुठला? पेटी कुलपात होती!"

"पेटीतला गम कशाला लागतोय?" नाकतोड्याने दोन बोटं पुढे केली आणि त्यांच्या मिशीची उजवी बाजू धरून ओढली. मिशी सबंध हातात आली. "बाटली तुमच्या खिशातली. सगळी तिथे ओतलीत, म्हणून आज मिशी धड चिकटत नाही. दोन्ही ठिकाणचा गम तपासा."

फौजदाराने खाकरून घसा साफ केला. "साहेबांची... या माणसाची सगळी नोकरी गणवेशाच्या कोठारात झाली. टोप्या वाटायचा."

मिशीविना सल्लागारांचा चेहरा एकदम लहान झाला. "मला त्याला फक्त घाबरवायचं होतं," ते पुटपुटले.

"पाठीवर एकच पॅराशूट आहे असं समजून?" नाकतोडा म्हणाला.

मेहुण्याने मान खाली घातली. हिरोने मात्र लगेच विचारलं, की हे सगळं सिनेमाच्या शेवटी घालता येईल का, आणि गुप्तहेर तोच झाला तर कसं दिसेल.

दुसऱ्या दिवशी तिघं हॉस्पिटलात गेले. नाकतोड्याने नवऱ्याला सगळं सांगितलं, एकेक पुरावा सुटा करून. नवरा ऐकत गेला तसा त्याचा चेहरा खुलत गेला. शेवटी त्याने बायकोकडे बघितलं, त्या उडीनंतर पहिल्यांदाच.

"सुटलीस बघ," तो म्हणाला. "मला मनातून वाटतच होतं. पण आता पुरावाच मिळाला. चल, झालं गेलं विसरून जा."

ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

"जे उघडलं नाही, त्याच्याबद्दल पोलिसांनी मला दहा वेळा विचारलं," ती म्हणाली. "ते त्यांचं कामच आहे. पण जे उघडलं, तेही मीच भरलं होतं. इथे दिवसरात्र पडून होतास ना? एकदा तरी तुझ्या मनात यायचं होतं."

नवऱ्याने हात पुढे केला.

तिने तो धरला नाही. तिने त्याची उशी सरळ केली, तांब्यात पाणी भरून हाताशी ठेवलं, आणि डॉक्टर कधी येणार ते विचारायला बाहेर निघून गेली.