खिंडीतल्या बारा फ्रेम

मी बल्लारपूरला कागद कारखान्यात यंत्रांची थरथर मोजतो. बेअरिंग जायला आलं असेल तर ते कानाला कळायच्या आधी माझ्या हातातल्या मीटरला कळतं. ही नोकरी अंगात मुरली की माणूस घरीही मोजमाप सोडत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी जाताना बायको म्हणाली होती, "तुमच्याशी भांडायचं तर आधी पुरावा गोळा करावा लागते." तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात 'ग्रेवाल्ड' हातात आला, तो मी आधी मोजला आणि मग खेळलो, यात नवल नाही.

ग्रेवाल्ड म्हणजे बर्फाच्या देशातला ओपन वर्ल्ड गेम. घोड्यावर बसायचं आणि वाटेल तिकडे जायचं. परदेशातल्या समीक्षकांना तो आठवडाभर आधी मिळाला होता, आणि त्यांनी दहापैकी नऊ, साडेनऊ असे गुण प्रसादासारखे वाटून टाकले होते. आमच्या रविवारच्या बैठकीत मात्र पहिल्याच दुपारी जुंपली.

बैठक तिघांची. पुनम गोंडपिपरीहून स्कूटीवर येते. औषधाच्या दुकानात काम करते आणि उरलेल्या वेळात गेमची मराठीत समीक्षा करणारं चॅनल चालवते. प्रफुल्ल आष्टीच्या पुढच्या जंगलातल्या गावचा, आश्रमशाळेत गणित शिकवतो. तिसरा मी, धनराज. घर माझं, कन्सोल माझा, त्यामुळे चहाही माझ्याच गळ्यात.

"सहा. एक मार्क जास्त नाई भेटणार," पुनम म्हणाली. "इतका अडकते गेम, अन् म्हणे साडेनऊ! नाव मोठं, लक्षण खोटं."

"अवं, पण तो बर्फ तं पाय," प्रफुल्ल म्हणाला. "घोड्याच्या नाकातून वाफ निंगून राह्यली. आपल्याकडून दहापैकी दहा."

"तू सगळ्यालेच दहा देतो. पोरांचे पेपर बी असेच तपासतो का?"

"ते लोक एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात," मी म्हणालो. "इथी सेहेचाळीस डिग्री आहे. मशीननं काय करावं?"

कूलर घरघरत होता, पडद्यावर बर्फ पडत होता, आणि आमच्या पाठी घामानं भिजल्या होत्या. टीव्ही आणि कन्सोलच्या मध्ये मी एक छोटी डबी लावली होती. चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, म्हणजे किती फ्रेम पडतात, याचा आलेख त्या डबीमुळे लॅपटॉपवर उमटायचा. साठ असल्या की हालचाल वाहत्या पाण्यासारखी दिसते, तीसवरही भागतं. त्याखाली डोळ्यांना हिसके कळतात. ग्रेवाल्ड बऱ्यापैकी साठच्या आसपास होता. फक्त एका जागी तो बारावर यायचा.

ती जागा म्हणजे पाइनच्या झाडांमधली एक खिंड. खाली गोठलेला ओढा, ओढ्याला डावीकडे वळण, वळणावर एक कललेला खडक. तिथे ना लांडगे ना लढाई, काहीच घडत नाही. पण प्रफुल्लनं घोडा वळणावर आणला की चित्र अडखळायचं, वीस पावलं पुढे गेलं की पुन्हा सुरळीत व्हायचं.

पुनमनं जगभरच्या खेळाडूंच्या चर्चा वाचून काढल्या. कोणाला शहरात त्रास होता, कोणाला पावसात. खिंडीबद्दल कोणीही अवाक्षर काढलं नव्हतं.

मग मी माझं काम केलं. पहाटे गार हवेत खेळून पाहिलं: साठ. भर दुपारी, कूलर बंद करून: अठ्ठावन्न. म्हणजे उष्णता नव्हे. पुढच्या रविवारी पुनमनं तिचा कन्सोल आणला. प्रफुल्ल खेळला तेव्हा बारा. त्याला बर्फ आणायला नाक्यावर पाठवलं आणि पुनम खेळली, तेव्हा साठ. तो बर्फाची पिशवी घेऊन दारातून आत आला, आणि पुनमच्या हातात गेमचा रिमोट असतानाच आलेख बारावर कोसळला. मी त्याला काही ना काही निमित्तानं आणखी तीनदा बाहेर पाठवलं. तीनही वेळा तेच झालं.

पुनमनं माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप मिटला आणि प्रफुल्लला काहीच बोललो नाही.

न बोलण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मोहाच्या हंगामात, एका रविवारी, प्रफुल्लनं वडलांबरोबर जंगलात जायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात मी हा कन्सोल घेतला होता. मीच फोन करून म्हटलं, ये, दिवसभर खेळू. तो आला. त्याचे वडील पोचूभाऊ मोह वेचायला एकटे गेले आणि परतले नाहीत. तिसऱ्या दिवशी गावातल्या कुत्र्यानं रक्त लागलेला त्यांचा दुपट्टा कुठून तरी ओढत आणला. वाघाच्या पंजांचे ठसे दिसले, पण त्यांना नेलं ती जागा सापडली नाही. त्या फोनबद्दल प्रफुल्ल मला कधी बोलला नाही, मीही विषय काढला नाही. पण मला ते सलतं. आजही सलतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्रफुल्लची आई, बुधरीबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला आली. सोमवारी पुन्हा डोळा दाखवायचा होता, म्हणून शनिवार-रविवार ती माझ्याकडेच राहिली. काळा चष्मा लावून ती भिंतीला टेकून बसायची. रविवारी आमचा गेम सुरू झाला तेव्हा मला वाटलं, तिला डुलकी लागली असेल. प्रफुल्ल खिंडीत आला आणि चित्र अडखळलं.

"थांब," बुधरीबाई म्हणाली.

तिनं चष्मा काढला. नव्या डोळ्यानं ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

"हा तं आपल्या बांबूच्या बनामागचा नाला होय."

"माय, हे विलायतेतलं चित्र आहे. तिथी बर्फ पडते."

"झाडं सोड. जमीन पाय."

प्रफुल्लनं पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो नाही म्हणाला नाही.

"इथी कोणी धोंडा नाई ठेवला अजून," ती म्हणाली.

पुनमला कळलं नाही, म्हणून बुधरीबाईनं तिला सांगितलं. त्यांच्या गावात वाघानं माणूस नेला की त्या जागी घरच्यांनी पहिला धोंडा ठेवायचा. मग येणारा-जाणारा प्रत्येक जण एकेक ठेवतो. तोवर गेलेल्याला बसायला जागा नसते. तो हिंडत राहतो.

"दोन वर्सं झाले," ती म्हणाली. "थकला असन तो."

हे तिनं जेवायला उशीर झालेल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

ग्रेवाल्डमध्ये लांडग्यांना चकवण्यासाठी दगड जवळ बाळगता येतात. प्रफुल्लनं घोड्यावरून उतरून त्या खडकाशी एक दगड ठेवला. आलेख बारावरून सरळ साठवर गेला. तो हसला आणि लगेच त्यानं बाहीनं डोळे पुसले.

सोमवारी सकाळी दवाखान्यात निघण्याआधी आम्ही गेम पुन्हा लावला. दगड नव्हता. त्यात गूढ काही नाही. हा गेम पुन्हा लावला की खाली टाकलेल्या वस्तू नाहीशा होतात. पण फ्रेम आता आठ पडत होत्या. प्रफुल्लनं पुन्हा दगड ठेवला, साठ झाल्या. गेम बंद करून लावला. पाच.

"चित्रातला धोंडा चित्रातच राह्यते," बुधरीबाई म्हणाली. "खरा ठेवा लागन."

डॉक्टरांनी तिला शनिवारपर्यंत धुळीत जायची मनाई केली. तिनं ते ऐकलं आणि माझ्याकडेच राहून एकेक दिवस मोजून काढला. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही चौघं दोन गाड्यांवर तिच्या गावी पोहोचलो. गावातले लटारूभाऊ कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढे झाले. तेव्हा नाल्याकडे का शोधलं नाही, असं मी त्यांना वाटेत विचारलं.

"तिकडं मोहाचं एक झाड नाई," ते म्हणाले. "मोह वेचाले गेलेला माणूस तिकडं काऊन जाईन?"

बांबूचं बन ओलांडून आम्ही नाल्यात उतरलो. पाणी आटलेलं, पात्रात पांढरी रेती, वर ऐनाची झाडं. बर्फ नाही, पाइन नाही, नाकातोंडात धूळ. पण नाल्यानं डावीकडे वळण घेतलं आणि माझ्या पायांना उतार ओळखीचा वाटला. कुठे जपून पाय टाकायचा, कुठे जमीन खचते, सगळं ठाऊक होतं. मी या ठिकाणी जन्मात आलो नव्हतो.

कललेला खडक समोर होता.

लटारूभाऊ थांबले. रातकिडे किर्र ओरडत होते. मग तो आवाज तुटला, पुन्हा आला, पुन्हा तुटला.

वरून बांबूचं एक पान गळत होतं. ते हवेत थांबलं. मग वीतभर खाली दिसलं आणि तिथेही थांबलं.

पुनमनं घाम पुसायला हात उचलला. हात कमरेशी होता. मग एकदम गालाशी होता. मधला हात मला दिसला नाही.

मी सवयीनं मोजायला लागलो. जवळ मीटर नव्हता, डबी नव्हती. पान खाली येईपर्यंत पाच वेळा थांबलं.

"माय," प्रफुल्ल कसंबसं म्हणाला.

बुधरीबाईनं नाल्यातून एक धोंडा उचलला. पदरानं पुसला. खडकाच्या पायथ्याशी ठेवून ती हलक्या आवाजात गोंडीत काही बोलली. आम्हाला ते कळायची गरज नव्हती.

रातकिडे पुन्हा एकसुरात ओरडू लागले.

प्रफुल्लनं दुसरा धोंडा ठेवला आणि तिथेच मातीत बसला. "बा, मी येनार होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी त्याच्या शेजारी बसलो. "मी बोलावलं त्याले, पोचूभाऊ," मी म्हणालो. "माझी चूक आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी पुराव्याशिवाय कोणाशी तरी बोलत होतो, आणि मला त्याची लाज वाटली नाही. प्रफुल्लनं माझा हात धरला. मग पुनमनं धोंडा ठेवला, लटारूभाऊंनी ठेवला. खडकाखालचा पालापाचोळा बाजूला करताना त्यांना एक गंजलेलं कुऱ्हाडीचं पातं सापडलं. बुधरीबाईनं ते ओळखलं. तिनं ते नेलं नाही, तिथेच राहू दिलं.

परतताना तिचा चेहरा हलका झाला होता. गावातून निघताना तिनं पुनमला चारोळीची पुरचुंडी दिली, आष्टीला सगळ्यांना रसवंतीवर रस पाजला. दुसऱ्या दिवशी डोळ्याची शेवटची तपासणी होती, म्हणून ती आमच्याबरोबर बल्लारपूरला आली. दुपारचे चार वाजले असतील. ऊन अजून भाजत होतं. पुनम म्हणाली, आता एकदा गेम लावून पाहू, मग समीक्षा टाकते. आठ देईन म्हणते.

मी कुलपात किल्ली घातली. किल्ली फिरवल्याचं मला आठवत नाही. दार उघडलेलं होतं.

मागे कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. अर्धी वाजली, थांबली, मग उरलेली वाजली.

प्रफुल्ल उंबऱ्यावर होता. मग खोलीच्या मध्यावर होता.

पुनमनं माझी बाही घट्ट पकडली.

बुधरीबाई दारातच थबकली होती. तिनं मान जराशी कलती केली, आतून कोणी हाक मारावी आणि ती नीट ऐकू येऊ नये, तशी. घाबरली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसलीसुद्धा.

"म्हणजे इथपर्यंत आला होता तो," ती म्हणाली. "पोराले पाहाले."

अंगणात नळाच्या ओट्याजवळ काही दगड पडलेले असतात. त्यातला एक तिनं निवडला, पदरानं पुसला. मला वाटलं, ती तो उंबऱ्याबाहेर ठेवेल. मी बाजूला सरकलो.

ती आत आली. टीव्हीसमोरच्या सतरंजीवर प्रफुल्ल नेहमी बसतो, त्या जागेच्या उजव्या हाताला तिनं तो धोंडा ठेवला.

पुनमनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तीन माणसांसाठी ती सतरंजी मोठी होती, तरी पुनम नेहमी कोपऱ्यात अंग चोरून बसायची आणि मी खाली फरशीवर. प्रफुल्लच्या उजवीकडची एका माणसाची जागा आम्ही दोन वर्षं रिकामी ठेवत आलो होतो, आणि का, ते आमच्यापैकी कोणी कधी विचारलंही नव्हतं.