ताईची जागा

कॉलेजच्या ग्रंथालयामागची ती खोली म्हणजे पूर्वी मोडक्या बाकांची अडगळ. ताईने हट्टाने तिथे रेडिओ केंद्र काढलं. भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकल्या, खिडकीला गादी लावली आणि प्राचार्यांच्या नाकावर टिच्चून बोलायला सुरुवात केली. केंद्र एवढंसं, आवाज पोचायचा जेमतेम चार गल्ल्या. पण तिथे माणसं हातातलं काम टाकून ऐकत बसायची. काय दिवस होते ते!

आता केंद्र बंद होणार होतं. पोरांना सगळं फोनमध्ये मिळतं, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! शेवटच्या दिवशी केंद्राचा इतिहास ऐकवायचं ठरलं आणि ते काम धाकटीच्या गळ्यात पडलं. ती ताईची बहीण, त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ताईला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

धाकटीला खरं तर एकच गोष्ट हवी होती, ताईचा आवाज. स्वतःसाठी आणि त्याहून जास्त आईसाठी. "चेहरा दिसतो गं तिचा," आई हल्ली म्हणायची, "पण आवाज काही केल्या आठवत नाही." आणि रडायची.

पण आवाज उरला होता कुठे? एक कार्यक्रम वाजवून झाला की त्याच टेपवर दुसरा भरायचा, ही केंद्राची रीत. या काटकसरीचं कोण कौतुक सगळ्यांना! त्या कौतुकात ताई पुसली गेली. धाकटीने कपाटं उपसली, हाती नुसती धूळ आली.

मग तिने जुन्या मंडळींना बोलावून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. पहिले आले केंद्राचे तंत्रज्ञ. त्यांना सगळे खरखरकाका म्हणत. काका रंगात आले.

"वादळात एरियल आडवी झाली. तुझी ताई छत्री घेऊन थेट गच्चीवर! आम्ही खालून ओरडतोय..." काका थांबले. मान किंचित वळवली, खुदकन हसले. "हो गं बाई, छत्री माझीच होती!"

"काका, मी कुठे काय विचारलं?"

"तूच नाही का आत्ता..." काका तिच्याकडे बघत राहिले. "वय झालं बघ माझं."

दुसऱ्या दिवशी ताईची मैत्रीण आली. तीही बोलता बोलता थांबली, लाजली. "जाऊ दे ना, ते कशाला आता सगळ्यांसमोर!"

या वेळीही धाकटीने काहीच विचारलं नव्हतं. तिने वायरी तपासल्या, माइक बदलला, ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. खोलीतल्या पंख्याची घरघर सगळीकडे होती. त्या थांबण्याच्या जागांत मात्र ती घरघरही नव्हती.

तिने आवाज वाढवला. काही नाही.

"सगळ्यांशी बोलतेस," ती रिकाम्या खोलीत रडत म्हणाली, "मग माझ्याशीच का नाही गं?"

त्या जागा कापून टाकणं तिला सहज जमलं असतं. तिचा हात धजला नाही. शेवटच्या दिवशी दुपारी कार्यक्रम तसाच गेला.

घरी आली तर आई रेडिओशेजारी बसलेली, चेहरा नुसता फुललेला.

"किती खळखळून हसली पोरगी!"

"कोण गं?"

"कोण काय, तुझी ताई! अजून तशीच भरभर बोलते."

धाकटी खाली बसली. "मला नाही ऐकू आलं, आई."

"असं काय करतेस? शेवटी तर तुम्ही दोघीच बोलत होतात."

शेवटचं निवेदन धाकटीने एकटीने ध्वनिमुद्रित केलं होतं. एकच वाक्य होतं. तिने पिशवीतून रेकॉर्डर काढला आणि शेवट लावला.

'आपलं प्रसारण इथेच संपत आहे.' तिचाच आवाज. मागे पंखा.

मग पंखा थांबला.

'हो, ताई,' तिचाच आवाज म्हणाला. ती असं काही बोललेली नव्हती.

पुन्हा ती जागा. या वेळी लांब.

'येते. आईलाही आणते.'

धाकटीने वळून पाहिलं. आई चपला घालून दारात उभी होती.